चेतापेशीतील ‘फिलामेंट’: तंतू, सूत्र की धागा?

अनुलेखक
चेतापेशीच्या अंतर्रचनेवरील एका लेखाचा अनुवाद करताना ‘न्यूरोफिलामेंट’ (चेतापेशीला आतून आधार देणारा प्रथिनांचा धागा) या शब्दापाशी काम अडले आहे. मी ‘चेतातंतू’ असे लिहिले होते. तपासणाऱ्यांनी ते खोडले, कारण चेतातंतू म्हणजे संदेश वाहून नेणारा सबंध तंतू, हा अर्थ शालेय पुस्तकांपासून रुजलेला आहे. ॲक्झॉनलाही, म्हणजे चेतापेशीच्या लांब शाखेलाही, आपण अक्षतंतू म्हणतो. मग ‘अक्षतंतूत प्रथिनांचे तंतू तयार होतात’ हे वाक्य वाचकाने कसे लावायचे? शिवाय प्रथिनांपासून हा धागा तयार होण्याच्या ‘असेंब्ली’ला काय म्हणावे, जुळणी की बहुवारिकीकरण (पॉलिमरायझेशन)?

जीवरसायन
बहुवारिकीकरण कृपया टाळावे. एकेक घटक टोकाला चिकटून साखळी वाढते, असे चित्र त्यातून उभे राहते. ते सूक्ष्मनलिकांना (मायक्रोट्यूब्यूल, पेशीतील प्रथिनांच्या पोकळ नळ्या) बरेचसे लागू पडते, येथे नाही. येथे दोन प्रथिनरेणूंचे मधले दांड्यासारखे भाग एकाच दिशेने शेजारी येऊन एकमेकांभोवती पिळले जातात. अशा दोन जोड्या उलटसुलट दिशांनी आणि किंचित सरकून चिकटल्या की चौकडी होते. साधारण आठ चौकड्या कडेला कड लावून एकत्र आल्या की सुमारे ६० नॅनोमीटर लांबीचा आखूड तुकडा बनतो. हे तुकडे टोकाला टोक लागून जोडले जातात आणि शेवटी आवळले जाऊन सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा धागा होतो. या जुळणीला एटीपी किंवा जीटीपी हे ऊर्जा पुरवणारे रेणू लागत नाहीत. चौकडीतच दिशा उलटसुलट असल्यामुळे धाग्याला शेंडा-बुडखा राहत नाही. सूक्ष्मनलिकेला तो असतो, म्हणूनच पेशीतील माल वाहणारी वाहक प्रथिने तिच्यावरून दिशा धरून चालतात.

धातुपाठ
वरील वर्णन वाचून ‘जुळणी’ही मला फिकी वाटते. दोरी आपण जुळवत नाही, वळतो. आणि तिचे पेडही एकमेकांत पिळलेले असतात. ‘धागा वळला जातो’ असे लिहिण्यास काय हरकत आहे? नावासाठी ‘चेतासूत्र’ घ्यावे. ‘तंतू’च्या मुळाशी ‘तन्’ म्हणजे ताणणे, तर ‘सूत्र’ परंपरेने ‘सिव्’ म्हणजे शिवणे या धातूशी जोडतात. पेशीला आतून आधार देऊन एकत्र राखणाऱ्या रचनेला तेच शोभते.

रूढार्थी
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण ‘सूत्र’ गुणसूत्राने आधीच व्यापले आहे. माझे मत स्पष्ट आहे: ‘न्यूरोफिलामेंट’च ठेवावे. अक्षतंतूंना इजा झाली की ही प्रथिने मेरुद्रवात (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) आणि रक्तात उतरतात, आणि त्यांपैकी ‘न्यूरोफिलामेंट लाइट’चे प्रमाण आता रक्तातही मोजता येते. अहवाल हातात घेतलेल्या माणसाने ‘चेतासूत्र’ कुठे शोधायचे?

धातुपाठ
त्या न्यायाने ‘सूक्ष्मनलिका’ही घडली नसती. कोणताही पारिभाषिक शब्द वापराआधी रूढ नसतो.

अनुलेखक
रूढार्थींचा मुद्दा मान्य केला, तरी ‘लाइट, मीडियम, हेवी’ ही उपनावे उरतातच. ती रेणुभारावरून पडली आहेत, म्हणून मी हलके, मध्यम आणि जड असे लिहिले. पण न्यूरोफिलामेंट ज्यात मोडतात त्या साऱ्या कुळाला ‘मध्यम तंतू’ (इंटरमीडिएट फिलामेंट) म्हणतात, तेव्हा ‘मध्यम तंतूंपैकी मध्यम’ असा नवाच घोळ झाला.

जीवरसायन
कुळाच्या नावातील ‘मध्यम’ जाडीचा आहे: ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्याहून जाड, सूक्ष्मनलिकेहून बारीक.

रूढार्थी
मुळात ती तुलना सूक्ष्मनलिकेशी नव्हती. १९६८ साली स्नायुपेशींचा अभ्यास करताना ॲक्टिनचे पातळ आणि मायोसिन या स्नायूतील दुसऱ्या प्रथिनाचे जाड धागे यांच्या मधल्या जाडीचे म्हणून ते नाव आले. म्हणून कुळासाठी ‘मध्यम’ऐवजी ‘मधल्या जाडीचे’ असे लिहावे.

धातुपाठ
वर्णन म्हणून ते चालेल, पण तीन शब्दांची संज्ञा वाक्यात वाकत नाही. ‘मध्यसूत्र’ म्हणा, गुणसूत्राशी गोंधळ होईल, हे मला अजूनही पटलेले नाही.