बोरन्हाणाला काय द्यायचं? (सोसायटी ग्रुप)

सुलभाकाकू ए-१०२: नमस्कार मंडळी 🙏 रविवारी बी-३०४ च्या ओजसचं बोरन्हाण आहे, आमंत्रण सगळ्यांना आलंच असेल. गेल्या वेळी एकाच बाळाला सात टेडी मिळाले होते, आठवतंय ना. यंदा दहा घरं मिळून २०० - २०० काढू, २००० मध्ये एकच काहीतरी धड देऊ. बाळ आठ महिन्यांचं आहे. सुचवा पटापट, मला शनिवारी बाजारात जायचंय.

निखिल बी-२०१: वॉकर द्या काकू. गोल असतो तो, म्युझिकवाला. आमचा अथर्व दहाव्या महिन्यात अख्ख्या हॉलमध्ये सुसाट 😎

वैशाली ए-२०३: वॉकर नको हो निखिलदादा. त्यात मूल बसून नुसतं बोटांनी ढकलत जातं, तोल सांभाळायला शिकतच नाही, त्याने चालणं लवकर येत नाही आणि जिन्यावरून गेलं की थेट डोक्यावर. कॅनडात २००४ पासून विकायलाच बंदी आहे. त्यापेक्षा आपला पांगुळगाडा बरा, मूल स्वतः उभं राहून ढकलतं. पण तोही आत्ता नाही, धरून नीट उभा राहायला लागला की मग.

निखिल बी-२०१: अथर्व तर चालतोय की

वैशाली ए-२०३: वॉकर होता तरी चालला 😄

देसाई आजी बी-१०१: अगो आमच्या येळार खंय होते असले गाडये. करवंटी नि पळी दिली काय पोर तासभर गप. (आजी बोलतायत, मी टाईप करतेय - तन्वी)

वैशाली ए-२०३: आजी अगदी बरोबर. अंगणवाडीत आम्ही आयांना हेच सांगतो, आता ते केंद्र सरकारच्या नवचेतनाचं बाळांसाठीच्या खेळांचं कॅलेंडर आलंय ना २०२४ ला, जन्मापासून ३६ महिन्यांचं, १४० खेळ आहेत त्यात आणि बहुतेक घरातल्याच वस्तूंचे. आठव्या महिन्यात बाळाला काय हवं असतं, तर आपटायला, टाकायला, एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला आणि शोधायला. काल मी ओजससमोर लिंबू ठेवलं आणि वर वाटी पालथी घातली. दोन महिन्यांपूर्वी असं केलं तेव्हा त्याच्या लेखी लिंबू संपलं होतं, बघायचाच बंद झाला. काल वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वाटी ढकलली आणि लिंबू दिसल्यावर असा काही ओरडला की खालून आजी विचारायला आल्या काय झालं. डोळ्याआड झालेली वस्तू तिथेच असते हे त्याला कळायला लागलंय, म्हणून हल्ली आई आत गेली की रडतो पण. बटण दाबलं की गाणं म्हणणाऱ्या खेळण्यात यातलं काही होत नाही, सगळं तेच करतं आणि बाळ बघत बसतं.

रसिका बी-३०२: त्या गाणं म्हणणाऱ्याचं तर नावच काढू नका. आमच्या मुलीला कोणीतरी ऑनलाईन मागवलेला ढोल दिला होता, तिसऱ्या दिवशी आपटला तर खालचं झाकण निघालं, स्क्रूच नव्हता त्याला, आणि आतला चपटा गोल सेल तिच्या मुठीत 😰 नशीब तोंडात घातला नव्हता.

वैशाली ए-२०३: बापरे. तो सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं, गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. झाकणाला स्क्रू आहे का आणि आयएसआय मार्क आहे का हे दोन्ही बघूनच घ्या, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे.

सुलभाकाकू ए-१०२: मग माझ्या माहेरची लाकडी फळं? सावंतवाडीला चितारआळीत बहीण राहते, एसटीने पाठवेल. त्यावर पण मार्क लागतो का?

वैशाली ए-२०३: नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे काकू, त्यामुळे तिथे आपणच विचारायचं की रंग कसला, कारण हा प्रत्येक वस्तू आधी चाटणार. आणि आकार बघा. आंबा, पेरू चालेल, जांभूळ, आवळा, मिरची नको. घरी टॉयलेट पेपरची पुठ्ठ्याची नळी असेल तर त्यातून घालून बघा, आरपार गेलं तर तीन वर्षं लांबच ठेवायचं. आणि विषय निघालाच आहे तर रविवारचं पण बघा ना, बोरं, हलवा, चुरमुरे, चॉकलेटं सगळं त्याच्या डोक्यावरून ओतणार आणि पोरं गोळा करायला झडप घालणार, एक जण फक्त ओजसच्या हाताकडे बघायला हवी.

तन्वी बी-१०१: आमच्या ताईचं बाळ दोन महिन्यांचं आहे चिपळूणला, त्याला काय घेऊ?

वैशाली ए-२०३: काही नको ग. त्याला वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं, तू जवळ जाऊन बोल. फारच वाटलं तर पाळण्यावर चिमणाळं टांग, काळं-पांढरं, हाताला येणार नाही असं.

मृण्मयी बी-३०४: अहो सुलभाकाकू, मी पण आहे या ग्रुपवर 🙈🙈

सुलभाकाकू ए-१०२: अगं बाई!!!

निखिल बी-२०१: 🤣🤣 मेसेज डिलीट करा कोणीतरी

मृण्मयी बी-३०४: राहू दे आता 😂 खरं सांगू का, त्याच्याकडे खेळणी ढीगभर आहेत आणि तो खेळतो माझ्या डब्याच्या झाकणाशी, टाकतो, मी उचलून देते, परत टाकतो, कंबर गेली माझी. एक कापडी चेंडू शिवून द्या आजींच्या जुन्या लुगड्याचा, बास.

देसाई आजी बी-१०१: आत घुंगूर घालू काय गो?

वैशाली ए-२०३: नको आजी, शिवण उसवली तर थेट तोंडात. नुसत्या चिंध्या भरा.

सुलभाकाकू ए-१०२: मग २००० चं काय करायचं?

मृण्मयी बी-३०४: काकू, मागू का एक? आमचं दार दिवसभर उघडं असतं आणि परवा मी कुकर उतरवेपर्यंत हा रांगत जिन्याच्या पहिल्या पायरीशी. तिथे लहान मुलांचं गेट बसवता आलं तर.

निखिल बी-२०१: ड्रिल माझ्याकडे आहे. शनिवारी सकाळी माप घेतो.