डाव्यांमध्ये कॉ. डांग्यांबद्दल आज मत काय?

प्रश्न: संयुक्त महाराष्ट्र म्हटलं की कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे आठवतात. मग डावेच त्यांच्याबद्दल हात राखून का बोलतात?

उत्तर १: कुठल्या डाव्याला विचारता त्यावर आहे. माकपसाठी (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष) विषय १९६४ लाच मिटला. कम्युनिस्टांवरच्या कानपूर कट खटल्याच्या काळातली, १९२४ ची पत्रं अभिलेखागारात सापडली: सुटकेच्या बदल्यात इंग्रजांना मदतीची तयारी. डांग्यांनी ती बनावट ठरवली. एप्रिलमध्ये भाकपच्या (मूळ भारतीय कम्युनिस्ट पक्ष) राष्ट्रीय परिषदेतून ३२ जण उठून गेले, त्यातूनच पुढे माकप झाला. पण पत्रं ही ठिणगी. काँग्रेसशी जवळीक आणि चीनचा प्रश्न यावरून आधीच धुमसत होतं.

उत्तर २: भाकपचं दुखणं निराळं. आणीबाणीला पाठिंबा एकट्या डांग्यांचा नव्हता, अख्ख्या पक्षाचा होता. १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात पक्षाने चूक कबूल केली. डांगे इंदिराबाईंना धरूनच राहिले आणि १९८१ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. सगळं खापर त्यांच्यावर फोडणं सोयीचं आहे, इतकंच.

उत्तर ३: खरा हिशोब गिरणगावात. १९२८ चा सहा महिन्यांचा संप, गिरणी कामगार युनियन, हे श्रेय कुणी काढून घेत नाही. पण जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धागा तोंडाला लागायचा आणि विटाळ आड यायचा. लाल बावट्याने, म्हणजे कम्युनिस्ट युनियनने, हे लावून धरलं नाही, हा बाबासाहेबांचा आक्षेप. त्यात १९५२ च्या निवडणुकीत मतं कुजवण्याच्या, म्हणजे मुद्दाम वाया घालवण्याच्या, प्रचाराचा आरोप डांग्यांवर; बाबासाहेब आणि समाजवादी नेते अशोक मेहता त्यावर निवडणूक याचिकेपर्यंत गेले. आंबेडकरी डाव्यांना पत्रांपेक्षा हे जास्त सलतं.

प्रश्नकर्ता: विणकाम खात्याचं माहीत नव्हतं. आभार.