युरोप-अमेरिकेतली घड्याळं पुढे-मागे होतात, आपलं जागेवर: कॉलच्या वेळा कशा बसवायच्या?

तासगाव_द्राक्ष:
नमस्कार मंडळी. सांगलीत द्राक्ष आणि बेदाणा निर्यातीचं ऑफिस आहे. एक ग्राहक रॉटरडॅमचा, दुसरा न्यू जर्सीचा. हिवाळ्यात रॉटरडॅमचा कॉल संध्याकाळी ६:३० ला आणि न्यू जर्सीचा रात्री ८ ला असतो. मार्चमध्ये, ऐन हंगामात, हे दोन्ही एकमेकांवर येतात आणि काही दिवसांनी आपोआप सुटतात. ऑक्टोबरअखेर पुन्हा तेच. नेमक्या तारखा कोणत्या? कॅलेंडरमध्ये काय बदलायचं? आणि घरातली मोठी माणसं विचारतात की आपल्याकडे ही पद्धत का नाही, त्याचंही उत्तर हवंय.

कृष्णाकाठ:
दादा, दोघांच्या तारखा वेगळ्या आहेत, घोळ तिथेच आहे.

अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेते. युरोप आणि ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. २०२६ साली अमेरिकेचे दिवस ८ मार्च आणि १ नोव्हेंबर, युरोपचे २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. २०२७ मध्ये अमेरिका १४ मार्च आणि ७ नोव्हेंबर, युरोप २८ मार्च आणि ३१ ऑक्टोबर.

आता तुमचे कॉल. रॉटरडॅमचे दुपारचे २ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात ६:३०, उन्हाळ्यात ५:३०. न्यू जर्सीचे सकाळचे ९:३० म्हणजे हिवाळ्यात रात्रीचे ८, उन्हाळ्यात ७. एरवी दोन्ही कॉलमध्ये दीड तास राहतो. पण ८ ते २८ मार्च २०२६ या तीन आठवड्यांत अमेरिकेचा कॉल ७ वर येतो आणि युरोपचा ६:३० वरच थांबलेला असतो. मध्ये अर्धाच तास. पहिला कॉल तासभर चालला की दुसरा बुडालाच. शरद ऋतूत हाच प्रकार २५ ते ३१ ऑक्टोबर, एकच आठवडा. त्या दिवसांत रॉटरडॅमला आधीच अर्धा तास अलीकडे बोलवा. त्यांच्याकडे तेव्हा १:३० वाजलेले असतात, सहसा अडचण येत नाही.

कॅलेंडरमध्ये एकच गोष्ट ठरवा: कॉल कोणाच्या घड्याळाचा? ग्राहकाची वेळ पाळायची असेल तर दर आठवड्याचा कॉल टाकताना वेळेशेजारचा टाइम झोन उघडून ‘अॅमस्टरडॅम’ निवडा (रॉटरडॅम यादीत सापडत नाही), दुसऱ्यासाठी ‘न्यूयॉर्क’. मग तारीख आली की तुमच्याकडची वेळ आपोआप सरकते. कॉल कोलकाता झोनमध्ये (म्हणजे आपल्या भारतीय वेळेत) टाकला तर तुमचे ६:३० कायम राहतात आणि समोरच्याचा कॉल एका सोमवारपासून तासभर उशिरा होतो. दोन्ही पद्धती चालतात. माझ्या मते ग्राहकाचं घड्याळ धरावं, कारण त्याचं जेवण, गोदाम, बँक सगळं त्याच घड्याळावर. मात्र एकाच ग्राहकाचे काही कॉल इकडच्या आणि काही तिकडच्या झोनमध्ये असले की मार्चमध्ये हमखास गोंधळ होतो.

ईमेलमध्ये ‘ईएसटी’ लिहू नका. ती अमेरिकेच्या पूर्व भागाची फक्त हिवाळी वेळ आहे, तरी लोक जुलैतही तेच लिहितात. आपलं ‘आयएसटी’ही आयर्लंड आणि इस्राएलमध्ये वेगळ्या अर्थानं वाचलं जातं. सरळ ‘रॉटरडॅम दुपारी २, सांगली संध्याकाळी ५:३०’ असं शहरांसकट लिहा. एक्सेलमध्ये रॉटरडॅमच्या वेळेत कायमचे साडेचार तास मिळवणारं सूत्र असेल तर काढून टाका. उन्हाळ्यात फरक साडेतीनच असतो.

दुबईची काळजी नको. तिथेही घड्याळ हलत नाही, फरक बारा महिने दीड तास.

अजिंक्यतारा:
आपल्याकडे का नाही, ते साताऱ्या-सांगलीच्या सूर्यावरूनच सांगतो.

लंडनमध्ये सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि सर्वांत लहान आठ तासांहूनही लहान. उन्हाळ्यात लोक झोपेत असताना पहाटेचा बराच उजेड निघून जातो, तो संध्याकाळकडे ढकलायला घड्याळ पुढे करतात. सांगली १७ अक्षांशाच्या आसपास. इथे मोठा दिवस १३ तासांच्या थोडा वर, लहान ११ च्या थोडा वर. जूनमध्ये सूर्य साधारण ६ ला उगवून ७ च्या पुढे मावळतो, जानेवारीत ७ नंतर उगवतो. ढकलायला जादा उजेडच नाही.

शिवाय आपलं घड्याळ आधीच सूर्याच्या पुढे आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणारी. सांगली ७४.६ च्या आसपास. आठेक अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सरासरीनं इथे सूर्य डोक्यावर १२:३२ ला येतो. साताऱ्यात आणखी दोन मिनिटं उशिरा. आणखी तासभर कायमचं पुढे केलं तर हिवाळ्यात सूर्योदय ८ नंतर, आणि सकाळच्या शाळेची पोरं अंधारात एसटीच्या थांब्यावर. उलट आसामच्या चहामळ्यांत ‘बागान टाइम’ म्हणून तासभर पुढचं घड्याळ चालतं. तिथे सूर्य फार लवकर उगवतो, त्यामुळे ते पटण्यासारखं आहे.

घटी_पळे:
भारतानं एकदा घड्याळ पुढे केलं होतं, हेही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ प्रमाणवेळ तासभर पुढे होती. पत्रिका करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावंच. त्या काळातली जन्मवेळ घड्याळाप्रमाणे लिहिलेली असेल तर आधी एक तास वजा करा. पत्रिकेतलं एक लग्न (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास) साधारण दोन तास टिकतं, त्यामुळे तासभराच्या चुकीनं लग्नराशीच बदलू शकते. जुन्या टिपणात वेळ सूर्योदयापासून घटी-पळांत असेल तर मात्र काहीही वजा करू नका. ती मोजणी सूर्याची, १ घटी म्हणजे २४ मिनिटं. जन्म मुंबई शहरातला असेल तर आणखी एक तपासा: तिथे जुनी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत वापरात होती, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती.

तासगाव_द्राक्ष:
फार उपयोग झाला, आभार. एकच राहिलं. रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर मार्चअखेर समुद्रात असतो. तापमानाच्या नोंदीत २९ मार्चला तासभराची पोकळी दिसते. लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र) बंद पडला असेल का?

कृष्णाकाठ:
बहुधा नाही. सॉफ्टवेअर अॅमस्टरडॅमच्या वेळेत आलेख दाखवत असेल तर त्या पहाटे २ नंतर थेट ३ वाजतात, मधला तास अस्तित्वातच नसतो. ऑक्टोबरमध्ये उलट, २ ते ३ दोनदा येतो आणि नोंदी एकमेकींवर चढलेल्या दिसतात. तोच डेटा यूटीसीमध्ये (कधीही पुढे-मागे न होणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत) उतरवा. नोंदी सलग असतील तर लॉगर ठीक आहे. तिथेही पोकळी असेल तर मात्र बॅटरी किंवा सेन्सर तपासायला हवा. ग्राहकाला फाइल यूटीसीमध्येच पाठवा आणि वर ‘सांगलीची वेळ = यूटीसी + ५:३०’ अशी एक ओळ टाका, म्हणजे त्या तासावरून क्लेमचा वाद निघायचा नाही. सर्व्हरवर रात्रीचा स्टॉक रिपोर्ट लावला असेल तर तोही यूटीसी २१:०० ला ठेवा. आपल्याकडे ते पहाटेचे २:३० होतात, बारा महिने.