अनुभव धागा: मंडळीतल्या (चर्चमधल्या) किशोरवयीन मुलांच्या कामात आईबाबांना कसं ओढलंत?

जय ख्रिस्त! शब्बाथ शाळेत (चर्चच्या लहान मुलांच्या वर्गात) आता बसवत नाही आणि तरुण संघातली दादा-ताई मंडळी फार मोठी वाटतात, अशी सहावी ते नववीची मुलं. त्यांचा वर्ग आपण मनापासून घेतो, पण आईबाबा गेटपाशी गाडी थांबवतात, मूल उतरवतात आणि निघतात. ते आत कसे आले, हे नाशिककरांनी लिहावं. सल्ल्यापेक्षा घडलेलं सांगा. मुलांची नावं मात्र नकोत.

शरणपूर रोड, वर्ग घेणारी ताई
पालकसभा ठेवली की तीच ती चार घरं यायची. मग आम्ही घरोघरी जायला लागलो. "ताई, मला बायबल फारसं येत नाही, मी येऊन काय करू?" हे जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलं. आईबाबांना आस्था नाही असं आपण धरून चालतो. खरं तर त्यांना संकोच असतो. तेव्हापासून आम्ही 'या' म्हणत नाही, काम सांगतो. एक आई शाळेत इतिहास शिकवतात. मिशनने वसवलेल्या शरणपुरात आफ्रिकेतल्या गुलामगिरीतून सुटलेली मुलं शिकायची आणि त्यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मुलं जागची हलली नाहीत. एका बाबांना ढोलकी येते. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनाचा ठेका ते मुलांना शिकवतात. त्यांचा मुलगा घरी 'हो-नाही'च्या पुढे बोलत नसे. परवा तो बाबांचा हात धरून म्हणाला, "थाप इथे नाही, काठावर मारायची ना?" बाबा नुसते हसले आणि ढोलकी त्याच्याकडे सरकवली.

सातपूर, एक बाबा
आमच्याकडे शिफ्ट असते, साप्ताहिक सुट्टी रविवारीच मिळेल असं नाही. सभेला बोलावून आमच्यासारखे येणार नाहीत. आमच्या पाळकसाहेबांनी शनिवारी व्हॉट्सॲपवर बायबलमधला एक उतारा आणि एकच प्रश्न पाठवायला सुरुवात केली. प्रश्नाचं उत्तर पालकाने द्यायचं, मुलाने ऐकायचं. लूक २:४१-५२, बारा वर्षांचा येशू मंदिरात मागे राहतो तो प्रसंग होता. प्रश्न: 'तुम्ही या वयात घरी न सांगता कुठे गेला होतात?' जेवताना मी गोदावरीत पोहायला गेल्याचं आणि ओले कपडे लपवल्याचं सांगितलं. मुलगा घास हातात धरून ऐकत राहिला. मग त्यानेही एक गोष्ट सांगितली. ती इथे लिहिणार नाही.

नाशिकरोड, आई
आम्ही कॅथलिक. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला लांबलांबून भाविक येतात. पाणीवाटपाला, रांगेला आमची मुलं आणि पालक एकत्र असतात. एकच नियम: स्वतःच्या मुलासोबत ड्युटी नाही. माझी मुलगी दुसऱ्या एका काकूंशी जे बोलते ते माझ्याशी बोलणार नाही, आणि त्यांचा मुलगा माझ्याशी बोलतो. या वयात आईबाबांखेरीज विश्वासाचं एखादं मोठं माणूस प्रत्येक मुलाला हवंच.

आता कॉलेजात असलेली एक मुलगी
मुलांच्या बाजूने लिहिते. आई वर्गात बसायला लागली तेव्हा मी गप्पच झाले होते. आमच्या ताईंनी आईसमोरच सांगितलं, "ती इथे बोलेल ते मी घरी सांगणार नाही. जिवाला धोका असेल किंवा कुणी त्रास देत असेल तरच सांगेन, आणि तेही आधी तिला विचारात घेऊन." आई मान हलवून उठली आणि पुढच्या आठवड्यापासून नाश्त्याचं बघायला लागली. पालकांना जरूर बोलवा, पण मुलांची मोकळी जागा राहू द्या.

देवळाली कॅम्प, तरुण संघातला दादा
आमच्या एका मुलीचे बाबा ख्रिस्ती नाहीत, आई आहे. बाबा उपासनेला येत नाहीत आणि आम्ही आग्रहही करत नाही. पांडवलेणीच्या सहलीला गाडी कमी पडत होती, म्हणून त्यांना फोन केला. ते आले, सगळ्या मुलांना पायऱ्या चढवल्या आणि उतरताना विचारलं, "पुढची कधी आहे?" आता सहलीचा हिशोब तेच बघतात.