गावात म्हणे नुआर होतच नाही!

रातकिडा: ‘नुआर म्हणजे शहर. गावात घडला की तो नुसता रहस्यपट,’ हे वाचून डोकंच सणकलं. नुआर म्हणजे गुन्हा, संशय आणि काळोख्या सावल्यांचा चित्रपट; त्याला शहरच कशाला हवं? फ्रेंच दिग्दर्शक क्लुझोचा ‘ल कॉर्बो’ (१९४३) बघा. सँ-रोबँ नावाचं एवढंसं गाव, आणि ‘कावळा’ अशा सहीची निनावी पत्रं. डॉक्टरवर गर्भपाताचे आरोप. आपला कॅन्सर बरा होणारा नाही हे एका रुग्णाला अशा पत्रातूनच कळतं आणि तो वस्तऱ्याने गळा चिरून घेतो. त्याच्या अंत्ययात्रेत शवगाडीवरून पुढचं पत्र रस्त्यावर पडतं! शहरात माणूस गर्दीत हरवतो. इथे सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून संशय एकूण एकावर.

काळा कोट: एक तर ते गाव नव्हे, कसबा आहे. दुसरं, नुआरमध्ये माणूस स्वतःच्या हावेपायी बुडतो. इथे पत्रं कोण लिहितं एवढंच कोडं. आणि फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांच्याच पैशावर, कॉन्टिनेन्टल कंपनीत बनलेल्या चित्रपटाचं कौतुक जरा जपून करा.

मंदाताई: आलंच ते! त्याची शिक्षा क्लुझोने भोगली. फ्रान्स जर्मनांपासून मुक्त झाल्यावर बंदी आली, १९४७ पर्यंत काम नाही. शेजारी शेजाऱ्याची चुगली जर्मनांकडे करत होता, त्या दिवसांत चुगलीवरच चित्रपट काढणं ही चाकरी?

काळा कोट: क्लुझो त्याच कंपनीचा पटकथा विभाग सांभाळत होता. पगार कुणाचा घेतला, ते बोला.

मंदाताई: माझ्या वडिलांविरुद्ध ऑफिसात निनावी पत्र गेलं होतं. चौकशीत काही निघालं नाही. पण ते नंतर दिसेल त्याचं अक्षर न्याहाळायचे, माझ्या शाळेच्या वहीतलंसुद्धा. ती भीती या चित्रपटात जशीच्या तशी आहे. पगाराचं मला सांगू नका.

रातकिडा: अहो, मूळ मुद्दा! त्यातला म्हातारा मनोविकारतज्ज्ञ व्होर्झे लोंबता दिवा ढकलतो, उजेड-सावली झोके घेते, आणि उजेड कुठे, अंधार कुठे असं तो विचारतो. डॉक्टर दिवा हाताने थांबवायला जातो, तर हात भाजतो. हा नुआर नाही?

पडदानशीन: अमेरिकी दिग्दर्शक निकोलस रेचा ‘ऑन डेंजरस ग्राउंड’ (१९५१) कसा विसरलात? अर्धाअधिक चित्रपट बर्फातल्या खेड्यात घडतो.

काळा कोट: त्यातला पोलीस शहरातला संताप सोबत घेऊनच बर्फात जातो, म्हणजे मूळ शहरच. दिव्याचा प्रसंग मात्र मानला. तेवढाच. मंदाताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, पण पगाराचं उत्तर अजून आलेलं नाही.