टेक्स्ट कॉलममधून तारीख करताना दिवस-महिन्याची अदलाबदल आणि एरर (पॉवर बीआय)

रकाना_सात
पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये (मायक्रोसॉफ्टचं डेटावरून अहवाल बनवायचं सॉफ्टवेअर) सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली टेक्स्ट फाइल) घेतली आहे. मूळ फाइलमध्ये तारखांचे दोन कॉलम आहेत. बिलाची तारीख ०५/०३/२०२४ अशी, आधी दिवस, मग महिना. पेमेंटची तारीख सलग आठ आकडी, २०२४०३१५ अशी. काही ओळींत ती रिकामी आहे. टाइप 'डेट' केला की बिलाच्या कॉलममध्ये ५ मार्चचा ३ मे होतो, १२ च्या पुढचे दिवस एरर देतात. पेमेंटच्या कॉलममध्ये तर सरसकट एरर. हे पॉवर क्वेरीत (डेटा आत घेताना साफ करायचा भाग) सोडवावं की डॅक्समध्ये (पॉवर बीआयची सूत्रांची भाषा) नवा कॉलम करून?

तिरकी_रेघ
पॉवर क्वेरीतच. आधी उजवीकडची 'अप्लाइड स्टेप्स'ची यादी बघा. फाइल उघडताच 'चेंज्ड टाइप' नावाची स्टेप आपोआप आलेली असेल. दोन्ही घोटाळ्यांचं मूळ तिथे आहे. ती वरच्या २०० ओळी पाहून टाइप ठरवते आणि तारीख वाचते फाइलच्या रीजनल सेटिंगप्रमाणे. सेटिंग अमेरिकन इंग्रजी असेल आणि त्या २०० ओळींत योगायोगाने सगळे दिवस १२ पर्यंतचेच असतील, तर कॉलम गुपचूप महिना-दिवस क्रमाने वाचला जातो. एरर आलेल्या ओळी निदान दिसतात तरी. उलटे झालेले दिवस दिसतही नाहीत, आणि अहवालात नेमके तेच जातात.

ती स्टेप काढून टाका. मग बिलाच्या कॉलमच्या हेडरवर राइट क्लिक, 'चेंज टाइप', सगळ्यात खाली 'युजिंग लोकेल'. टाइप डेट, लोकेल (तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते) इंग्लिश (युनायटेड किंगडम). हे लोकेल स्टेपच्या सूत्रातच लिहिलं जातं, त्यामुळे पुढे फाइलचं सेटिंग कुणी बदललं तरी फरक पडत नाही.

पेमेंटचा कॉलम तुम्ही टेक्स्ट समजताय, पण त्याच स्टेपने तो पूर्णांक केलेला असणार. ती स्टेप काढण्याआधी हेडरवर १२३ चं चिन्ह (म्हणजे पूर्णांक) आहे का बघा. आकड्याची तारीख करताना ३० डिसेंबर १८९९ पासूनचे दिवस मोजले जातात. वर्ष ९९९९ चा शेवटचा दिवस २९,५८,४६५ वा. तुमचा आकडा दोन कोटींच्या वर, मग एरर येणारच! ती स्टेप काढली नसेल तर आधी टाइप टेक्स्ट करा, मग डेट. दुसऱ्या वेळी 'रिप्लेस करंट' की 'ॲड न्यू स्टेप' असं विचारेल, तिथे 'ॲड न्यू स्टेप'च निवडा. 'रिप्लेस' केलंत तर टेक्स्टची पायरी पुसली जाते आणि गाडी पुन्हा आकड्यावर येते. रिकाम्या जागी रिकामी स्ट्रिंग असेल तर टेक्स्ट असतानाच 'रिप्लेस व्हॅल्यूज'ने तिचा नल (किंमतच नाही अशी खूण) करून घ्या.

पिव्होटपंत
डॅक्स टाळायचं आणखी एक कारण. पॉवर क्वेरीत खराब ओळीपुरताच एरर येतो. कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये (डॅक्सच्या सूत्राने केलेला कॉलम) एक ओळ बिघडली की अख्खा कॉलम बंद. शिवाय डॅक्सचं डेट फंक्शन फारच मवाळ आहे. महिना १३ दिला तर पुढच्या वर्षीचा जानेवारी देतं, ३१/०२/२०२४ दिलं तर २ मार्च, आणि वर्ष नुसतं २४ दिलं तर १९२४. तक्रार कशाचीच नाही.

क्वेरीला हात लावता येतच नसेल तर लांबी तपासून करा:

पेमेंट दिनांक =
व्हार टी = ट्रिम([पेमेंट])
रिटर्न इफ(लेन(टी) = ८, डेट(व्हॅल्यू(लेफ्ट(टी, ४)), व्हॅल्यू(मिड(टी, ५, २)), व्हॅल्यू(राइट(टी, २))))

इफला तिसरा भाग मुद्दाम दिलेला नाही. त्यामुळे रिकाम्या ओळी रिकाम्याच राहतात.

आणि फॉरमॅट फंक्शनने 'तारीख' बनवू नका. ते टेक्स्ट परत करतं, आणि मग चार्टवर एप्रिल जानेवारीच्या आधी येतो.

रकाना_सात
पेमेंटचा कॉलम जमला. बिलाच्या कॉलममध्ये मात्र थोड्या ओळी अजून एरर देतात. त्या दिसायला अगदी बरोबर आहेत.

तिरकी_रेघ
क्वेरीची डुप्लिकेट करा आणि तिच्यात 'कीप एरर्स' लावा. मूळ क्वेरीत लावलंत तर चांगल्या ओळी गळतील. एररच्या सेलवर, पण शब्दावर नव्हे तर बाजूच्या मोकळ्या जागेत क्लिक केलं की खाली मूळ मजकूर दिसतो. बहुतेक वेळा आकड्यांच्या मागेपुढे न दिसणारं अक्षर चिकटलेलं असतं. डेट करण्याच्या आधीच्या स्टेपवर जाऊन टेक्स्ट डॉट सिलेक्ट (ठरावीक अक्षरंच ठेवणारं पॉवर क्वेरीचं फंक्शन) वापरून नवा कॉलम करा आणि त्यात ० ते ९ आणि तिरकी रेघ एवढंच ठेवा. बाकी कचरा आपोआप जातो.

पण मजकुरात वेळही असेल, जसं ०५/०३/२०२४ १४:३०, तर हा उपाय चालणार नाही, सगळे आकडे एकमेकांना चिकटतील. तिथे 'युजिंग लोकेल'ने आधी डेट/टाइम करा आणि पुढच्या वेगळ्या स्टेपमध्ये डेट. वेळ तशीच ठेवून डेट टेबलशी (फक्त तारखांच्या यादीचं टेबल) रिलेशनशिप जोडलीत तर ती जुळते फक्त मध्यरात्रीच्या ओळींना.

२९/०२/२०२३ सारखी अस्तित्वातच नसलेली तारीख निघाली तर दुरुस्त करत बसू नका. नल ठेवा आणि ती ओळ डेटा पाठवणाऱ्याकडे परत करा.