मदत हवी आहे : चार फुटी टाकीत एकाच दिशेचा, नदीसारखा प्रवाह कसा मिळवावा?

नमस्कार. कोल्हापुरात राहत्या घरी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा काचेच्या टाकीत (मत्स्यालयात) वनस्पतींसह ओढा उभा करायचा आहे. पाऊस संपल्यावर गगनबावड्याकडे कुंभी नदीचे पाणी निवळते, तेव्हा काळे धोंडे, त्यांच्यामधली वाळू आणि प्रवाहाच्या दिशेने आडवी झालेली हिरवी पाती दिसतात. साधारण तसे दृश्य मनात आहे. टाकी आणि दगड तयार आहेत, अडले आहे ते प्रवाहाच्या रचनेपाशी.

टाकीतील पाणी तासाला दहा ते वीस वेळा फिरले पाहिजे, हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्यावरून गाळणीचा आवाका कळतो, प्रवाहाचा वेग कळत नाही, असे माझे मत आहे. वाळू आणि दगड वजा जाता टाकीत सुमारे २०० लिटर पाणी राहील, म्हणजे तासाला ४००० लिटरचा पंप लावल्यास वीस फेऱ्या पूर्ण होतात. परंतु वाळूच्या वर ४५ सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर खोल पाणी धरले, तर तेवढाच पंप या छेदातून सरासरी वेग देतो तो सेकंदाला जेमतेम ०.७ सेंटिमीटर. याला प्रवाह कसे म्हणावे?

यावर दोन उपाय दिसतात. पहिला उपाय नेहमीचा : डाव्या टोकाला दोन पॉवरहेड (पाण्यात बुडवून ठेवायचे छोटे पंप), उजव्या टोकाला पाणी ओढणाऱ्या तोंडांवर स्पंज, आणि दोन्ही टोके जोडणारे पीव्हीसी पाइप वाळूखाली. यात पाइपमधील घर्षणाने पंपाचा जोर किती घटतो आणि २५ मिलिमीटरचा पाइप पुरतो का, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय एकदा वाळू पसरल्यावर पाइपात गाळ साचला, तर सगळे उकरावे लागेल, हीही धास्ती आहे. दुसरा उपाय मला अधिक पटतो : मागच्या काचेपासून दहा सेंटिमीटरवर, दोन्ही टोके मोकळी ठेवून, एक उभी काच लांबीच्या दिशेने बसवायची आणि त्या मागच्या बोळात वेव्हमेकर (पंख्याने पाणी ढकलणारा पंप) लावायचा, म्हणजे पाणी मागून एका दिशेने जाईल, टोकाशी वळेल आणि पुढून उलट दिशेने वाहील. कोणी अशी रचना केली असल्यास वळणावर कोपऱ्यात घाण साचते का? काच चिकटवली की पुन्हा काढणे अवघड, म्हणून हे आधीच विचारत आहे.

दगड इथलेच, काळ्या पाषाणाचे आहेत. पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाकून पाहिले, तेव्हा काळा भाग शांत राहिला, पण एका धोंड्याच्या पोकळीतील पांढऱ्या खड्यांवर बारीक बुडबुडे उठले; तो चुन्याचा अंश पाण्याचा कठीणपणा वाढवील, म्हणून तो धोंडा बाजूला काढला आहे.

वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावण्याची इच्छा नाही, कारण खळाळत्या पृष्ठभागावरून तो वायू उडूनच जाईल. त्यामुळे दगडांना दोऱ्याने बांधलेले अनुबियास आणि जावा फर्न, तर वाळूत व्हॅलिसनेरिया, अशी निवड आहे. व्हॅलिसनेरियाला कार्बनसाठी पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेटही वापरता येते. मुळे धरेपर्यंत पंप मंद ठेवावा, की सुरुवातीपासून पूर्ण वेगाने चालवावा?

माशांत दुकानातील झेब्रा डॅनिओंचा थवा पुरे. आपल्या कृष्णा खोऱ्यातील झेब्रा लोच मोह पाडतो खरा, पण ती जात धोक्यात असल्याने ओढ्यातून पकडून आणण्याचा प्रश्नच येत नाही.

शेवटची अडचण उन्हाळ्याची. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो, आणि नेमकी त्याच दिवसांत दुपारी वीज गेली तर प्रवाहाची सवय झालेले मासे अडचणीत येतील. घरच्या इन्व्हर्टरवर साधा एसी पंप गुणगुणतो आणि तापतो, असे ऐकले आहे. त्यापेक्षा बॅटरीवर थेट चालणारा १२ किंवा २४ व्होल्टचा डीसी वेव्हमेकर घ्यावा का, आणि घेतल्यास या टाकीसाठी किती क्षमतेचा?